बर्थलमयाच्या हातातली सुरी

हट्ट्याच्या रत्नपालला कोणी शिल्पकार म्हटलं की तो कसनुसा हसतो. "शिल्पकार मोठी माणसं राहतात हो, आपण पुतळेवाले," म्हणतो. लोकही त्याला पुतळेवालाच म्हणतात. वसमत, औंढा, कळमनुरी, कुठंही जा. चौकात निळा कोट घातलेले, डाव्या हाताशी संविधान धरलेले, उजव्या हाताचं बोट पुढं केलेले बाबासाहेब उभे दिसले की समजायचं, हे बहुतेक रत्नपालच्या हातचे. असे ब्याऐंशी पुतळे त्यानं केले. बुद्ध वेगळे, फुले वेगळे. आणि एवढं करून हा बाप्या कुठल्याच पुतळ्याखाली आपलं नाव घालत नाही. नगरसेवकाची नावं फरशीवर कोरतात, पुतळा घडवणारा मात्र गेला उडत! पण तो आपला विषय नाही, तो राहू द्या.

आपला विषय त्र्याऐंशीव्या पुतळ्याचा.

मागच्या वर्षी जून महिन्यात संतराम मास्तर रिक्षा करून आखाडा बाळापूरहून हट्ट्याला आले. वय ऐंशीच्या वर. हातात काठी, गळ्यात बारीकसा क्रूस. हे मास्तर तरुणपणी हट्ट्याच्या शाळेत होते. चौथीच्या वर्गात त्यांनी एकदा भर दुपारी रत्नपालला हाक मारली आणि सांगितलं, "पोरा, मला तुझ्या हातानं शाळेच्या माठातलं पाणी दे." सगळ्या वर्गासमोर ते घटाघट प्यायले. नुसतं पाणीच, दुसरं काही नाही. पण तो काळ कसा होता हे ज्याला माहीत आहे त्याला त्या पेल्याचं मोल सांगायला नको. रत्नपाल आज साठीला आला, तरी मास्तर दिसले की उभा राहतो.

"जयभीम मास्तर. तुमी काहून तकलीफ घेतली? सांगावा धाडायचा, मी आलो असतो."

"जय ख्रिस्त रे बाबा. काम माझं हाय, मग मीच यायला पायजे." मास्तर टेकले, चहा घेतला, आणि सरळ मुद्द्यावर आले. त्यांच्या वाडीतल्या छोट्या देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, संत बर्थलमयाची मूर्ती होती. आजोबाच्या काळातली, प्लास्टरची. दोन पावसाळ्यांपूर्वी छताची लाकडी तुळई पडली आणि मूर्तीचा भुगा झाला. चोवीस ऑगस्टला संताचा सण. वाडीत वीस-बावीस घरं, सगळी म्हातारी माणसं रिकाम्या चौथऱ्याकडं पाहून हात जोडतात. "एकदा त्याला उभा केलेला पाहू दे, मग माझे डोळे मिटले तरी हरकत न्हाई."

"करतो," रत्नपाल म्हणाला. मास्तरांनी पिशवीतून चित्र काढायच्या आधीच म्हणाला. शब्द दिला तो दिला.

"कोण हाय हा संत?" त्यानं मागाहून विचारलं.

"येशूच्या बारा शिष्यांतला एक. चामड्याचं काम करणाऱ्यांचा संत. आमचे आजे-पणजे तेच काम करायचे, म्हणून त्या वेळच्या पाद्रीबाबानं आमच्या देवळाला त्याचं नाव दिलं." एवढं सांगून मास्तर रिक्षाकडं निघाले, कारण रिक्षावाला हॉर्न वाजवून राहिला होता. मास्तर गेले, आणि मग रत्नपालनं चित्र उजेडात धरलं.

चित्रात एक दाढीवाला माणूस. डाव्या बगलेत पोथी. डाव्याच हातावर लोंबतं कातडं. आणि उजव्या हातात वाकडी, रुंद पात्याची सुरी.

रत्नपालनं चित्र उलटं ठेवलं, पुन्हा सुलटं केलं. चामड्याचं काम करणाऱ्यांचा संत, हातात सुरी, हातावर कातडं. यात न समजण्यासारखं काय होतं? ख्रिस्ती लोकांनी मेलेलं ढोर सोलणाऱ्याचा संत केला होता. केला असेल, त्यांना गोड लागत असेल. पण ज्या कामापासून आपला बाप पळाला, ज्या कामाचं नावसुद्धा घरात निघत नाही, तेच आता आपण मातीत घडवायचं? आणि कोणाच्या घरात? कमलबाईच्या!

कमलबाई म्हणजे रत्नपालची माय. वय त्र्याऐंशी, पाठीचा कणा ताठ, नजर अंधुक, जीभ मात्र धारदार. गावात कोणाचं भांडण लागलं तर लोक आधी कमलबाईला विचारतात आणि मग पोलिसात जातात. नवरा जाऊन पंचवीस वर्षं झाली. तो गेल्यावर तिनं कुंकू पुसलं नाही, कारण ते तिनं धम्म घेतला त्याच वर्षी सोडलं होतं. घरात तिचा एकच कायदा होता. जुन्या कामाचं काहीही उंबऱ्याच्या आत यायचं नाही. चामड्याचा पट्टासुद्धा नाही. रत्नपालचा पोरगा नोकरीला लागला तेव्हा कातडी बूट घेऊन आला, तर ते बूट रात्रभर बाहेर बाभळीखाली राहिले.

आता बोला! इकडं मास्तरांना दिलेला शब्द, तिकडं मायचा कायदा. रत्नपालची अवस्था धरलं तर चावतं आन सोडलं तर पळतं अशी झाली. बायको ज्योतीला त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "सरळ जाऊन न्हाई म्हणा." तो म्हणाला, "मास्तरांना?" ज्योती चुलीकडं वळली. तिला तो पाण्याचा पेला माहीत होता, लग्नापासून शंभर वेळा ऐकला होता.

शेवटी त्यानं काम सुरू केलं. घरामागं पत्र्याचं मोठं शेड आहे, त्याला तो कारखाना म्हणतो. लोखंडी सळ्यांचा सांगाडा बांधला, त्यावर माती चढवली. आधी माती, मग साचा, मग फायबर, असं ते काम असतं. पण हाताला सवय कशाची? ब्याऐंशी पुतळ्यांची! चार दिवसांत संताचे गाल भरले, कपाळ रुंद झालं, बगलेतली पोथी संविधानाएवढी जाड झाली आणि उजव्या हाताचं बोट आपोआप पुढं आलं. ज्योती चहा घेऊन आली, पाहत राहिली आणि म्हणाली, "अहो, यांना दाढी कवा आली?" रत्नपाल स्वतःशीच हसला. मग त्यानं ते बोट मोडलं, मूठ वळवली आणि मुठीत सुरी बसवली. हसू तिथंच संपलं.

कातडं घडवायला त्याला सगळ्यात जड गेलं. ते त्यानं कपड्याच्या घडीसारखं केलं, गुळगुळीत, जणू उपरणं टाकलंय हातावर. त्याकडं नीट पाहवत नव्हतं म्हणून तसं केलं. संध्याकाळी तो सगळ्या मूर्तीवर ओलं फडकं टाकायचा. माती सुकू नये म्हणून टाकतात, हे खरं. पण मायनं पाहू नये हेही खरंच.

लपवलेलं किती दिवस लपतं? जुलैच्या मधल्या एका सकाळी कमलबाई काठी टेकत कारखान्यात आली. मातीचा वास आला की तिला बरं वाटायचं. "कोण उभा करून राहिला रे?" तिनं विचारलं आणि फडकं ओढलं. डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून ती हातानं पाहते. गाल चाचपले, दाढी चाचपली, पोथी चाचपली. मग हात त्या मुठीवर आला. पात्यावरून बोट फिरलं, वाकणापर्यंत गेलं, आणि तिथंच थांबलं.

"ही सुरी हाय," ती म्हणाली.

"माय, ते मास्तरांचं..."

"मला शिकवू नको. ही सुरी मला न्हाई कळणार तर कोणाला कळणार? आन हे काय लोंबून राहिलं? कातडं?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तो खाली गेला की घरातले सगळे घाबरतात. "तुझ्या बापानं जी विहिरीत टाकली ती तू मातीतून उकरून काढली व्हय रे? एवढे बाबासाहेब केले त्या हातानं?"

कमलबाईनं फडकं जमिनीवर टाकलं. "ही या छपराखाली हाय तवर मी या घरचं पाणी पिणार न्हाई." आणि गेली. घरात नाही, रस्त्यापलीकडच्या विहारात. तिथल्या ओसरीवर तिनं चटई टाकली.

बरं, एक दिवस वाटलं राग निवेल. दुसरा गेला, तिसरा गेला. ज्योतीनं ताट नेलं ते तसंच परत आलं. शेजारच्या पोरीबाळी भाकरी देत, तेवढी कमलबाई खाई. गावात कुजबुज सुरू झाली. रत्नपाल पुतळेवाल्यानं मायला घराबाहेर काढलं म्हणे! कोणी असंही म्हणालं की त्यानं धर्म बदलला. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? रत्नपाल चौकातून जाताना खाली मान घालून जाऊ लागला. चौकात उभे होते ते बाबासाहेबही त्यानंच केलेले. त्यांच्याकडंही पाहवेना.

पाचव्या दिवशी त्यानं ठरवलं. मास्तरांचे पाय धरायचे आणि काम परत करायचं. मोटरसायकल काढली आणि आखाडा बाळापूर गाठलं. बाजाराचा दिवस होता, ट्रकांची रांग लागलेली, त्यातून वाट काढत तो वाडीवर पोचला. मास्तर देवळाच्या पायरीवर बसले होते. आत चौथरा रिकामाच होता, त्यावर कोणीतरी झेंडूची दोन फुलं ठेवली होती.

"मास्तर, मला माफ करा. माझ्याच्यानं हा संत होणार न्हाई."

"काहून रे?"

रत्नपालनं सगळं सांगितलं. माय, विहार, चटई. मग राहवलं नाही म्हणून मनातलंही बोलला. "राग मानू नका. पण ढोर सोलणाऱ्याला तुमी देव केलं, ते आमाला झेपत न्हाई. आमी त्यातून बाहेर पडायला रगत आटवलं."

मास्तर त्याच्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "सोलणारा? अरे लेकरा, कोणी सांगितलं तुला की तो सोलणारा हाय?"

"तुमीच तर म्हणले. चामड्याचं काम करणाऱ्यांचा संत. सुरी हाय, कातडं हाय."

"ते कातडं त्याचं हाय, रत्नपाल. त्याचं सोताचं."

मास्तर काठीवर भार देऊन उठले, आतून एक जुनी वही आणली. वहीत कात्रणं चिकटवलेली, कुठून कुठून जमवलेली चित्रं. मग ते वर्गात शिकवायचे तसे सांगू लागले. बर्थलमय गालिलाकडचा माणूस. काही जण म्हणतात नथनेल तो हाच. अंजिराच्या झाडाखाली बसला होता, येशूनं त्याला पाहिलं आणि म्हणाला, या माणसात कपट नाही. येशू गेल्यावर बारा जण बारा वाटांनी निघाले. हा पूर्वेकडं आला. जुन्या लोकांनी लिहून ठेवलंय की तो हिंदुस्तानातही आला, बरोबर एक पोथी घेऊन. काही जण तर कोकणाच्या किनाऱ्याला, कल्याणाकडं आला असं मानतात. "खरं-खोटं मला ठाऊक न्हाई, मी तिथं न्हवतो," मास्तर म्हणाले. मग आर्मेनिया नावाच्या मुलखात राजाचा भाऊ चिडला. सांगितलं, तू जे बोलतोस ते मागं घे. यानं घेतलं नाही. तेव्हा जिवंतपणी त्याचं कातडं सोललं.

"म्हणून चित्रकार त्याला असा दाखवतात. ज्या सुरीनं सोललं ती हातात, आन जे सोललं ते हातावर. हे बघ, इटलीतल्या एका मोठ्या देवळात त्याची दगडी मूर्ती हाय, अंगावर कातडं न्हाई, ते खांद्यावरून शालीसारखं घेतलंय. आन हे बघ. रोममधल्या एका भिंतीवरच्या चित्रात त्याच्या हातात जे कातडं लोंबतं, त्याच्यावर तोंड त्या संताचं न्हाई. लोक म्हणतात चित्रकारानं तिथं सोताचं तोंड काढलं."

"आन मग चामड्याचं काम करणाऱ्यांचा काहून?"

"अरे, कातड्याचं दुखणं कोणाला कळणार? त्यांनाच." मास्तरांनी वही मिटली. "चूक माझी हाय. मी तुला अर्धंच सांगितलं. मास्तर असून अर्धा धडा शिकवला. चल, मला हट्ट्याला ने. कमलबाईला मी सांगतो."

ऐंशी वर्षांचा माणूस मोटरसायकलवर मागं बसून आला, खड्ड्याखड्ड्याला "येशू, येशू" करत. विहाराच्या ओसरीवर कमलबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं आवाज ओळखला. "या मास्तर. लई दिवसानं," म्हणाली, पण रत्नपालकडं तोंड केलं नाही.

मास्तर खाली चटईवर बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. गोष्ट संपल्यावर कमलबाई काठीच्या टोकानं फरशी घासत राहिली. मग तिनं विचारलं, "काय मागं घे म्हणले त्याला?"

"त्यानं जे धरलं होतं ते. त्याचा धर्म म्हणा, शब्द म्हणा."

"आन त्यानं न्हाई म्हणलं."

"न्हाई म्हणला."

"किती जण होते सोलायला?"

"ते लिहिलेलं न्हाई, कमलबाई."

"लिवणारे कसले लिवतेत मग?" ती फणकारली. "जगला का मेला?"

"मेला."

"बरं झालं," कमलबाई म्हणाली. "जगला असता तर जन्मभर पालथं निजावं लागलं असतं."

मास्तरांना ते समजलं नाही. रत्नपालला समजलं. साठ वर्षांत कधी न समजलेलं एकदम समजलं. त्याचा बाप पालथा निजायचा. उन्हाळा असो, ताप असो, पालथाच. आणि अंगातला सदरा कधी काढायचा नाही. खडी फोडायच्या कामावर सगळे उघडे, हा एकटा सदऱ्यात. आंघोळ सदऱ्यासकट, ओला सदरा अंगावरच वाळवायचा. पोरांनी हसून विचारलं तर म्हणायचा, "साहेबांनी सांगितलं नीटनेटकं राहा." रत्नपालला वाटायचं बापाची शिस्त. मेल्यावरही त्याला कोणी आंघोळ घातली? एकट्या कमलबाईनं, दार लावून.

"माय," रत्नपाल म्हणाला.

"ऊठ," ती म्हणाली. "मला तिथं ने."

तिघं कारखान्यात आले. ज्योती दारात उभी राहिली. कमलबाईनं काठी भिंतीला लावली आणि पुतळ्याच्या हातावरच्या कातड्यावर दोन्ही तळहात ठेवले. "हे खोटं हाय," म्हणाली. "असं गुळगुळीत न्हाई राहत. माती ओली कर."

रत्नपालनं पाणी शिंपडलं. कमलबाईनं अंगठा मातीत रोवला आणि वरून तिरपा खाली ओढला. माती उकलत गेली, दोन्ही कडांना वळ उठला. तशीच दुसरी रेघ, पहिलीला छेदून. आणि हात चालू असतानाच ती बोलायला लागली. मुलाकडं न पाहता, जणू त्या मातीलाच सांगत होती.

"सत्तावन साल. तवा आमी हितं न्हवतो, नदीकाठच्या दुसऱ्या गावात होतो. मी सोळाची. मोठ्या घरचा बैल मेला. बोलवायला आले. त्यानं सांगितलं, आमी दीक्षा घेतली, आता हे काम बंद. सुरी तर त्यानं आधीच विहिरीत टाकलेली. तीन दिवस बैल सडला. चवथ्या दिवशी सहा जण आले. सहा. मी मोजले, कोणी लिवलं न्हाई तरी. लिंबाला बांधला. म्हणले, म्हण, काम करतो. त्यो न्हाई म्हणला. आसूड होता, चामड्याचा. आन तो आसूड यानंच वळून दिला होता त्यांना, दोन वर्षांमागं."

बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला.

"अकरा मारले. दर खेपेला इचारायचे, म्हण, करतो. न्हाई. हा इथून इथवर. हा असा आडवा. हा खांद्यावरचा लई खोल गेला, तो कवा भरलाच न्हाई, पावसाळ्यात वाहायचा. बारावा बसला असता तर त्यो गेला असता. मीच वरडले, करतो म्हणा, करतो म्हणा हो! त्यानं माझ्याकडं पाहिलं. काय पाहिलं ते मला अजून दिसतं. आन मग त्येच थकले, आन गेले."

शेवटची रेघ ओढून तिनं हात मागं घेतला. बोटांतून मातीचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

"मी 'करतो म्हणा' म्हणले होते," ती म्हणाली. "त्यो मला त्याच्यावरून कवा एक शब्द बोलला न्हाई. तुमाला पोराबाळांला सांगितलं असतं तर तुमी इचारलं असतं, माय, तवा तू काय केलं? म्हणून न्हाई सांगितलं."

रत्नपाल मातीवरच्या त्या अकरा रेघांपुढं उभा होता. ज्या बापाच्या खांद्यावर बसून तो जत्रेला गेला, ज्याचे पाय चेपले, ज्याला खांदा दिला, त्याची पाठ तो आज पहिल्यांदा पाहत होता. तो हमसून हमसून रडला. मास्तरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. ज्योतीनं येऊन सासूचे हात धुतले.

थोड्या वेळानं कमलबाईचा हात पुन्हा सुरीवर गेला. "ही अशी काहून धरली? जसा कोणाला मारायला निघाला."

"मग काढून टाकू, माय?"

"काढू नको. कशानं केलं ते दिसायला पायजे. पण पातं त्याच्या हातात दे आन मूठ लोकाकडं कर. ज्याची असंल त्यानं वळखावी."

रत्नपालनं मास्तरांकडं पाहिलं. अशी मूर्ती त्यांच्या वहीतल्या एकाही चित्रात नव्हती. "पोरा," मास्तर म्हणाले, "त्या रोमच्या माणसानं कातड्यावर आपलं तोंड काढलं, तेव्हा त्यालाही कोणी परवानगी दिली नसेल. राहू दे."

त्या दुपारी कमलबाई घरी जेवली. पुढचे पंधरा दिवस रत्नपालनं त्या रेघांना हात लावला नाही. साचा घेताना सगळ्यात जास्त भीती त्याला त्याच जागेची वाटली, पण अकराच्या अकरा नीट उतरल्या, मायच्या अंगठ्याच्या ठशासकट. सुरी त्यानं तिनं सांगितली तशी वळवली. पोथी जाडच ठेवली, गालही भरलेलेच. आता त्याला ते बदलावंसं वाटलं नाही.

चोवीस ऑगस्टला वाडीत मांडव पडला. वीस-बावीस घरं, पण बाहेरगावाहून पाहुणे आले. हट्ट्याहूनही एक जीप भरून गेली, निळ्या काठाच्या पांढऱ्या लुगड्यात कमलबाई पुढं बसलेली. प्रार्थना झाली, पडदा सरला आणि संत बर्थलमय चौथऱ्यावर उभे राहिलेले सगळ्यांनी पाहिले. आधी सुरीच्या मुठीकडं पाहून पुढची माणसं नकळत पाऊलभर मागं सरली. मग एकेक जण जवळ आला. म्हातारी माणसं त्या कातड्याला हात लावून हात छातीशी नेत होती.

मास्तरांची बायको पद्माबाई पंच्याहत्तरीची, याच वाडीतली लेक. तिला जुनी मूर्ती लहानपणापासून पाठ होती. तिनं त्या रेघांवरून बोटं फिरवली, दोनदा फिरवली, आणि वळून कमलबाईला विचारलं, "बाई, आमच्या पहिल्या संताला हे वळ न्हवते. हे कोणाचे हायेत?"

रत्नपाल पुढं झाला. मायला हे सांगायला लावू नये, आपणच सांगावं, असं त्याला वाटलं. त्या पिढीची बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. कमलबाईनं तर आयुष्यात घेतलं नव्हतं, 'पोराचा बा' म्हणायची, रेशनच्या दुकानात विचारलं तर बाजूच्या बाईला सांगायला लावायची.

तिनं हातानंच रत्नपालला मागं सारलं.

"नरसिंगचे," ती म्हणाली. आणि मागच्या माणसांना ऐकू गेलं नसेल म्हणून आणखी मोठ्यानं म्हणाली, "नरसिंगचे हायेत. तो न्हाई म्हणला होता."